टोनीची आग

मिरालूच्या खोऱ्यात प्रत्येक आगीला नाव असतं. माणूस गेला की त्याचं नाव लोक हळूहळू विसरतात, थडग्यावरची अक्षरंसुद्धा शेवाळात बुजतात. पण ज्याच्या जमिनीतून आग उठली त्याचं नाव एकदा त्या आगीला चिकटलं की त्याच्या नातवंडांनाही ते पुसता येत नाही. लिंडसेची आग, गिरणीवाल्याची आग, विधवा मूनीची आग. त्या मूनीबाईने हयातभर अडल्या-नडल्या बायकांची बाळंतपणं केली. ज्यांना तिने या जगात आणलं त्यांनाही ते आठवत नाही. तिच्या चुलीच्या राखेतून एकदा ठिणगी उडाली, तेवढं मात्र सगळ्यांना पाठ आहे.

त्या वर्षीच्या आगीचं नाव ठरवायला तर ती विझायचीही वाट कुणी पाहिली नाही. पूर्वेच्या डोंगरापलीकडे जंगल अजून धडधडत होतं आणि इकडे सभेच्या हॉलच्या पायऱ्यांवर बसून, काळ्याठिक्कर हातांनी मटणाचे सँडविच खाताखाता, पुरुष तिला टोनीची आग म्हणायला लागलेही होते.

टोनीचं नाव टोनी नव्हतंच. इलारिओ तोन्योलिनी हे त्याचं नाव. इटलीतल्या कुठल्या थंड डोंगरातून आलेला हा रुंद खांद्यांचा माणूस खोऱ्याच्या उत्तरेला, सरकारी जंगलाच्या कडेला खोपट बांधून एकटा राहायचा. परवान्यावर झाडं पाडायची, पाचरी ठोकून खोडं फाडायची आणि कुंपणाचे खांब चिरायचे, हा त्याचा धंदा. खोऱ्यातल्या निम्म्या मेंढ्या त्याच्याच खांबांच्या आत चरत. पण इतक्या वर्षांत त्याचं नाव नीट घ्यायला जीभ वळवावी, असं एकाही शहाण्याला वाटलं नव्हतं.

आगीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एनिड पास्को आणि तिचा नवरा क्लॅरी मेंढ्या मारायला निघाले. ज्या जगणार नव्हत्या त्या मारायच्या. एनिड मेंढीला खांद्याचा रेटा देऊन बसवायची, गुडघ्यांत धरायची आणि खुराच्या वरची कातडी अंगठ्याने दाबून बघायची. कातडी सरकून हातात आली की त्या मेंढीचं संपलं. मग कास बघायची. भाजून भाकरीच्या पापुद्र्यासारखी कडक झाली असेल तर पुढच्या कोकरांना दूध नाही.

"ही गेली," ती म्हणायची. किंवा, "ही राहील."

मेंढ्या ओरडत नव्हत्या. आपली पाळी येईपर्यंत राखेत खाली माना घालून उभ्या होत्या, चर्चमध्ये उशिरा आलेल्या माणसांसारख्या. लोकर वरून नुसती तांबूस झाली होती. फुंकर मारली की आत पांढरीशुभ्र. वास मात्र असा की एनिडला पुढे कित्येक महिने इस्त्री करतानाही खिडकी उघडावी लागायची.

क्लॅरी गोळ्या भरत होता आणि बोलत होता. खोऱ्याच्या आग विझवणाऱ्या पथकाचा तो कप्तान. बापानंतर कप्तानाची पांढरी टोपी त्याच्याकडे आली आणि टोपीबरोबर बोलायचा हक्कही आला.

"जंगल माजू दिलं की असंच होणार. सरकारी लोक झुडपं कापू देत नाहीत, हिवाळ्यात जाळू देत नाहीत. वर तसला माणूस आत राहायला सोडायचा. चूल पेटवली असणार उघड्यावर. त्यांच्याकडे तशीच सवय असते."

"आग जंगलातून आली नाही, क्लॅरी."

"मग काय आभाळातून पडली?"

"तुला ठाऊक आहे कुठून आली ते."

क्लॅरीने रायफलची नळी खाली केली. त्याच्या भुवया जळून गेल्या होत्या आणि त्यामुळे त्याचा चेहरा कायम दचकल्यासारखा दिसत होता. "पाय धर तिचे," तो म्हणाला. "हलतेय ती."

गेल्या हिवाळ्यात क्लॅरीने बुलडोझर भाड्याने आणून वरच्या कुरणातली जुनी झाडं पाडली होती. त्यांच्या पोकळ खोडांत पोपट अंडी घालायचे, रात्री उडत्या खारी बाहेर पडायच्या. दुष्काळात त्याच सावलीत मेंढ्या तग धरायच्या. पण झाडं आहेत तिथे गवत कमी, असं त्याच्या बापाचं गणित होतं आणि क्लॅरी बापाची गणितं तपासत नसे. मुळांसकट उखडलेले ओंडके लोटून घराएवढा ढीग केला, पावसाने जमीन भिजल्यावर पेटवला. सगळेच असं करत. वरची राख गार पडली, तिच्यावर पावसाची खपली धरली, की ढीग मेला असं समजायचं. खाली मातीत मुळं पुरलेल्या कंदिलासारखी महिनोन् महिने धुमसत राहतात, हेही सगळ्यांना ठाऊक असायचं. पण कुदळ घेऊन खणून बघायचं म्हणजे पाठ मोडते, आणि बाजूने जाणाऱ्या कुणी पाहिलं तर तो हसतो.

वसंतात पाऊस आलाच नाही. ओढ्याचं पाणी डबक्यांवर आलं. आणि मग जाळणाऱ्या उत्तरेच्या वाऱ्याच्या आदल्या दिवशी इलारिओ घोड्यावर बसून पास्कोंच्या दारात आला. क्लॅरी व्हरांड्यात जेवत होता. एनिड कपडे वाळत घालत होती. तिने शब्द न् शब्द ऐकला.

"कप्तान, तुमच्या वरच्या ढिगातून धूर येतोय. बारीक आहे."

"दव असेल."

"दव दुपारी नसतं."

"टोनी, या खोऱ्यात पथकाचा कप्तान कोण?"

"तुम्ही."

"मग झालं तर."

क्लॅरीने पुन्हा काटा उचलला.  "फावडं द्या, मी खणतो," इलारिओ म्हणाला. क्लॅरी हसला. एनिडने पेलाभर पाणी दिलं, ते पिऊन, पेला पालथा घालून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच वारा सुटला. दुपारी वरच्या कुरणातून धुराचा खांब उठला आणि संध्याकाळच्या आत खोऱ्यातली सहा घरं गेली. नंतर वाऱ्याने नैर्ऋत्येकडून अंग फिरवलं तेव्हा आगीची सगळी लांब बाजू तिचं तोंड झाली आणि पूर्वेच्या डोंगरात घुसली.

मेंढ्या मारून झाल्या त्या दिवशी संध्याकाळी क्लॅरी रॉकेलची मशाल घेऊन एकटाच वर निघाला. एनिड खालच्या डबक्यावर हात धूत होती. तिथून तिला सगळं दिसत होतं. ढिगाच्या दक्षिणेला सगळं काळं. उत्तरेला, ढीग आणि इलारिओचं खोपट यांच्या मधे, पिवळ्या गवताचा रुंद पट्टा जसाच्या तसा उभा होता. आग ढिगापाशी सुरू झाली आणि वाऱ्याबरोबर खाली गेली. वाऱ्याविरुद्ध वर कशाला जाईल? शाळेत न गेलेल्या पोरालाही ते वाचता आलं असतं.

कप्तानाने तो पट्टा पेटवला.

दव पडायला लागलं होतं, वारा नव्हता. आग आजारी जनावरासारखी रांगत गेली. जागोजागी गवताची अर्धवट बुडं राहिली, वरच्या झाडांची पानं हिरवीच राहिली. खोपटापाशी इलारिओ भिजवलेलं गोणपाट घेऊन उभा होता. आपल्या दाराशी आलेल्या ज्वाळा त्याने एकट्याने झोडपून विझवल्या. 

"वर काय करत होतास?" क्लॅरी खाली आल्यावर एनिडने विचारलं.

"कडा साफ केली. सुरक्षिततेसाठी."

तिने लग्नात या माणसाला बघितलं होतं तेव्हा त्याच्या हातांवर भाळली होती. मोठे, शांत हात. आता ते हात रॉकेलने चकाकत होते आणि तो ते पँटला पुसत होता, मुरांबा चोरलेल्या मुलासारखा.

घर गमावलेले हर्ब टुही आणि त्याची बायको डलसी पास्कोंच्याच मागच्या खोलीत राहायला आले होते. त्या काळी असंच असायचं. कुणाचं घर जळलं तर संध्याकाळच्या आत कुणीतरी त्यांच्यासाठी गादी झटकलेली असे. सरकारी मदतीची वाट बघत तंबूत बसायची वेळ कुणावर येत नसे. एनिडला ते दिवस पुढे फार आठवायचे. त्या चांगुलपणाचं कुंपण किती जवळ संपायचं, तेही त्याबरोबर आठवायचं.

हर्ब पथकाचा चिटणीस होता. डलसी शिवणाच्या यंत्रासाठी रडायची, आईचं होतं म्हणून. क्लॅरी तिची समजूत घालायचा, बटाटे पुढे सरकवायचा. ज्याच्या ढिगाने तिचं घर खाल्लं तो माणूस तिला "घे गं आणखी, डलसी," म्हणतोय हे बघून एनिड अर्धवट ताट उचलून स्वयंपाकघरात जायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी जेवताना खांबांची गोष्ट निघाली. उरलेल्या मेंढ्या शाळेच्या अंगणात कोंडल्या होत्या. खोऱ्यात एक कुंपण धड उरलं नव्हतं. खांब जळून मातीत काळी बिळं राहिली होती, आणि तारेचा कस गेल्यामुळे ती वाकवली की बिस्किटासारखी तुटत होती. तार गावात मिळाली असती. खांब मिळायला एकच जागा होती.

"टोनीची बाजू जळलेली नाही," हर्ब म्हणाला. "त्याच्याकडे चिरलेले पुष्कळ पडलेत. त्याला महिनाभर कामाला लावला तर सगळ्यांना पुरतील."

"त्याला हाकलायचा अर्ज करायचाय ना आपल्याला?" डलसीने विचारलं. "मग तो कशाला देईल?"

हर्बने चाकूने मटणाची चरबी बाजूला काढली. "अर्ज आहेच. वनखात्याला सगळ्यांच्या वतीने लिहायचं, परवाना रद्द करा म्हणून. पण घाई काय आहे? आधी खांब घेऊ. मग अर्ज करू."

क्लॅरी हसला. "चिटणीस उगाच नाही केलं याला."

एनिडने भांडी उचलली. "आणि त्याला सांगणार कोण, की आधी राब, मग तुला हाकलू?"

"कुणी कशाला सांगायचं?" हर्बला खरंच नवल वाटलं. "तू काय त्याची सोयरी आहेस?"

"तू जा ट्रक घेऊन खांब आणायला," क्लॅरी तिला म्हणाला. "तुला तो नाही म्हणणार नाही. तू पाणी दिलंस त्याला."

एवढं बोलून त्याने मान खाली घातली. त्या दिवशीचं सगळं त्याला आठवत होतं तर. पाण्याचा पेलासुद्धा.

एनिड ट्रक घेऊन वर गेली. खोपटापुढे खांबांच्या रचलेल्या थप्प्या, सोललेल्या सालीचा खच, ताज्या लाकडाचा आंबूस वास. सगळं खोरं राखेच्या चवीचं झालेलं असताना तो वास नाकाला थंड लागत होता. इलारिओ पाचर ठोकत होता. त्याने घण खाली ठेवला.

"किती पाहिजेत?"

"मिळतील तेवढे. सगळ्यांनाच पाहिजेत."

"ठाऊक आहे. सगळे येऊन गेले. प्रत्येक जण म्हणाला, टोनी, तू भला माणूस आहेस." तो खांब उचलायला लागला. "इतका भला मी कधीच नव्हतो, बाई. मला काळजी वाटायला लागलीय."

एनिडही खांब उचलायला लागली. हिरवं लाकूड मेल्या माणसासारखं जड. दोन्ही टोकांना दोघं धरून ट्रकमध्ये चढवत होते, आणि तिने खांब खाली ठेवायच्या आत सांगून टाकलं. अर्जाचं, हर्बचं, आधी खांब मग अर्ज, सगळं.

इलारिओने पुढचा खांब उचलला. "तुमचं टोक धरा."

"ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं. तरी मेंढ्यांना कुंपण लागतंच. मेंढ्यांनी काही अर्ज केलेला नाही."

"तुम्ही सांगा की लोकांना. तुम्ही आदल्या दिवशी येऊन गेलात हे सांगा. मी साक्ष देते."

"मी सांगू?" तो पहिल्यांदाच हसला, समोरचे दोन दात नव्हते. "माझं नाव त्यांना घेता येत नाही. माझं म्हणणं घेता येईल? हे ज्याचं आहे त्याने सांगायचं. तुमच्या नवऱ्याने. तो बोलला तर मी राहीन. इथलं लाकूड चांगलं आहे. सरळ फाटतं."

परत येताना एनिडने मनाशी ठरवलं, क्लॅरीला बोलायला लावायचंच. हॉलमध्ये सभा होईल तेव्हा, सगळ्यांसमोर. नाहीतर हा माणूस जाईल, आणि आपण उरलेला जन्म या नवऱ्यासमोर बसून चहा पीत राहू.

महिनाभर ते कुंपण घालत राहिले. भाजलेली जमीन पहारीला दगडासारखी लागायची. एनिडच्या तळहातांना फोड आले, फुटले, त्यांत राख गेली आणि कातडीखाली निळसर ठिपके राहिले ते कायमचे. क्लॅरी तार ताणायचा, ती खांबाभोवती माती ठोकायची, आणि ठोकता ठोकता रोज बोलायची.

"सभेत सांग."

"काय सांगू?"

"ढीग माझा होता. एवढंच."

"आणि मग? पास्कोची आग म्हणतील. तुझा मुलगा उत्तरेला लोकर कातरतोय, तो उद्या इथे परत येईल. पबमध्ये शिरला की म्हणतील, आला पास्कोच्या आगीचा पास्को. तुला चालेल?"

"चालेल."

"तुझं काय जातंय? तू माहेरची वेगळ्या नावाची."

यावर ती पहार अशी ठोकायची की खांब गदगदायचा.

मग पाऊस आला. ज्याच्यासाठी वसंतभर आभाळाकडे पाहिलं तो आता आला, आणि एका दुपारीत सगळा. जळलेल्या मातीवर मेणासारखा थर धरला होता. पाणी आत न मुरता ताडपत्रीवरून पडावं तसं वाहून गेलं. वरच्या कुरणातली माती, राख, कोळसे, मेलेल्या उडत्या खारी, सगळं ओढ्यात उतरलं. पाणी काळं आणि दाट झालं. दुसऱ्या दिवशी ओढ्यातले झिंगे श्वासासाठी काठावर चढून आले होते. त्यांच्यात मासे पोटं वर करून तरंगत होते. आधी कावळेसुद्धा नव्हते. मग ते आले आणि त्यांनाही सगळं खाववेना.

"बघ," हर्ब ओढ्यापाशी उभा राहून म्हणाला, "टोनीने ओढापण मारला."

क्लॅरीने मान डोलावली. अगदी सहज, कुणी हवेबद्दल बोलावं तशी. एनिड त्याच्याकडे बघतच राहिली. हा माणूस खोटं बोलतोय असं तिला इतके दिवस वाटत होतं. आता दिसलं की तो त्या खोट्यात घर करून राहायला गेलाय. पडदेही लावून झालेत.

सगळ्यांचे खांब उभे राहिल्यावर, तारा ताणून झाल्यावर, मेंढ्या आत गेल्यावर सभा बोलावली. हॉलमध्ये सगळं खोरं होतं. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे चहाच्या टेबलापाशी. समोर क्लॅरी, पांढरी टोपी गुडघ्यावर. हर्बने अर्ज वाचला. परकी माणसं, उघड्यावर चूल, निष्काळजीपणा, जनतेच्या मालमत्तेची हानी. वाचन चांगलं होतं. हर्ब चर्चमध्येही वाचायचा. शेवटी म्हणाला, "कप्तानाला काही बोलायचं आहे?"

क्लॅरीने टोपी गुडघ्यावर फिरवली. एनिडच्या हातात मोठी किटली होती. तिने मनात त्याला ढकललं, जसं अडलेल्या मेंढीला ढकलतात.

"नाही," क्लॅरी म्हणाला. "सगळं आलंय त्यात."

एनिडने किटली खाली ठेवली.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. माना वळल्या. "आग आमच्या ढिगातून आली. टोनी आदल्या दिवशी सांगायला आला होता, क्लॅरीने त्याला परत पाठवलं. ढीग आणि खोपट यांच्या मधला पट्टा आगीत जळलेला नाही, तो नंतर क्लॅरीने जाळला. मी बघितलंय."

हॉलमध्ये शांतता झाली. पण एनिडला वाटली होती तशी नव्हे. कुणी दचकलं नाही. कुणी क्लॅरीकडे रागाने बघितलं नाही. लहान मुलाने पाहुण्यांसमोर घरातलं काही बोलून टाकावं आणि मोठ्यांनी खाली बघावं, तशी ती शांतता होती.

"ठाऊक आहे, एनिड," हर्ब म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"सगळं. पहिल्या दिवसापासून."

पुढच्या रांगेतला म्हातारा स्ट्रॉन खोकला. त्याचं घर आणि मधमाश्यांच्या सगळ्या पेट्या आगीत गेल्या होत्या. "त्या पट्ट्यातल्या झाडांची पानं हिरवी होती," तो म्हणाला. "खऱ्या आगीत पानं हिरवी राहत नाहीत, मुली. मी म्हातारा झालोय, आंधळा नाही."

"मी तर तेव्हाच बघत होतो तुमच्या व्हरांड्यातून," हर्ब म्हणाला. "मशाल घेऊन चालला होता बिचारा. मी डलसीला म्हटलं, करू दे. त्याला बरं वाटतंय तर करू दे."

कुणीतरी हसू दाबलं. एनिडने क्लॅरीकडे बघितलं. आपण सगळ्या खोऱ्याला फसवलं अशी त्याची इतके दिवस समजूत होती. त्याच जोरावर तो ताठ चालत होता. आता त्याच्या मानेवर लाल डाग उमटत होते, एकेक करून. त्याने कुणाला फसवलं नव्हतं. लोकांनी त्याला सांभाळून घेतलं होतं, चड्डीत झालेल्या पोराला घेतात तसं.

"मग हा अर्ज कशासाठी?" एनिडने विचारलं. "हर्ब, तुझं घर गेलंय. याच्या ढिगाने तुझं घर गेलंय आणि तू त्या माणसाचं नाव लिहितोयस?"

"माझ्या बापाचा ढीग असाच सुटला होता," हर्ब शांतपणे म्हणाला. "स्ट्रॉनचाही सुटलाय. इथे बसलेल्या कुणाचा सुटला नाही ते सांग. उद्या पुन्हा कुणाचा तरी सुटेल. मग आपण काय रोज एकमेकांची नावं घेत बसायचं? आपल्याला इथे राहायचंय, एनिड. टोनीला कुठेही राहता येतं."

"चहा गार होतोय," डलसी म्हणाली, आणि किटली तिने उचलली.

हात वर झाले. बायकांचेही झाले. शेवटी, बाकी सगळे हात खाली यायच्या बेतात असताना, कप्तानाचाही हात वर गेला.

परवाना रद्द व्हायला वेळ लागला नाही. एरवी एका पुलाच्या फळ्या बदलायला ज्याला तीन उन्हाळे लागायचे ते खातं या बाबतीत मोठं चपळ निघालं.

टोनी आज जाणार असं कळलं त्या सकाळी एनिडने ट्रक बाहेर काढला. क्लॅरी व्हरांड्यात बसला होता. सभेपासून तो पबमध्ये गेला नव्हता. लोक फार प्रेमाने वागत होते आणि ते त्याला सोसत नव्हतं. दिसला की कुणीतरी पाठीवर थाप मारायचं.

"बस गाडीत," ती म्हणाली.

तो बसला.  खोपट दिसायला लागलं तसं त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली, केसांवरून हात फिरवला. एनिडने ते ओळखलं. आयुष्यातलं एक मोठं काम आज आपल्या हातून होणार, असा त्याचा चेहरा झाला होता. त्या माणसाचं काय होणार याच्याशी त्या चेहऱ्याचा काही संबंध नव्हता.

इलारिओचा जुना ट्रक लादून झाला होता. करवती, पाचरी, घण, लोखंडी पलंग, कोंबड्यांची खोकी. घोडा कालच विकला होता. तो वर चढून दोर आवळत होता.

क्लॅरी टोपी हातात धरून त्या ट्रकपाशी जाऊन उभा राहिला. "टोनी," तो म्हणाला, आणि मग एनिडकडे बघून, "इलारिओ." नाव त्याने चुकीचंच उच्चारलं. "तो ढीग माझा होता. आग माझ्या ढिगातून आली."

इलारिओने दोराची गाठ मारली. तोंडातल्या दोराच्या टोकामुळे त्याला लगेच बोलता येईना. ते काढून तो म्हणाला, "हो. मीच तुम्हाला सांगितलं होतं."

"मी आधी बोलायला पाहिजे होतं."

"हो."

"मला ते सांगायचं होतं. तुझ्यासमोर."

इलारिओ खाली उतरला. गाडीच्या चहूबाजूंनी फिरून त्याने दोर ओढून बघितले. "हे मला कशाला देताय, कप्तान?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "बघा ना, किती सामान आहे. आता गाडीत जागा नाही."

क्लॅरीचे हात लोंबत राहिले. काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. इलारिओ गाडीत जाऊन बसला. चावी फिरवली. इंजिन घुरघुरलं आणि बंद पडलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बॅटरी मेलीय. जरा ढकला."

क्लॅरीने एनिडकडे बघितलं. ती आपल्या ट्रकच्या पायरीवर बसली होती, तिथेच बसून राहिली.

क्लॅरीने टोपी खाली ठेवली आणि खांदा लावला. लादलेला ट्रक हलेना. त्याचे बूट राखेत घसरले, तो गुडघ्यांवर आला, उठला, पुन्हा खांदा लावला. मानेच्या शिरा दोरासारख्या झाल्या. ट्रक इंचभर हलला, मग हातभर, मग उतार लागला तसा आपल्या वजनाने चालू लागला. क्लॅरीचा खांदा अजून लागलेलाच होता, तेवढ्यात इंजिनने झटका घेतला, मागची चाकं गरकन फिरली आणि काळ्या राखेचा लोट उठला, ओला, कोळशाच्या कपच्यांनी भरलेला. तो सगळा क्लॅरीच्या तोंडावर बसला.

ट्रक थांबला नाही. वळणावर एकदा दिसला आणि गेला.

क्लॅरी रस्त्याच्या मधोमध उभा राहून डोळे चोळत होता. हात काळे, तोंड काळं. चोळेल तितकं आणखी आत जात होतं. "एनिड," तो म्हणाला, "मला काही दिसत नाही. पाणी आण."

एनिड पायरीवरून उठली, स्टिअरिंगमागे जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. ओढा खाली अर्ध्या कोसावर होता. रस्ता उताराचा होता, त्याला वाट कुणाला विचारावी लागली नसती. तिने गाडी सुरू केली आणि खाली ठेवलेल्या टोपीला चाक लागू न देता, बाजूने काढून, घरी निघून गेली.